घामाचा पैसा केव्हा मागावा?

मंडळी, मागच्या पाठात आपण बँकेचे पासबुक वाचायला शिकलो. आजचा पाठ त्याच्या पुढचा आहे. माणूस उमेदीत राबतो. पुढे हातपाय थकतात आणि नोकरी सुटते. त्या वेळी जो पैसा हाती येतो, तो कुणाची मेहेरबानी नव्हे, आपल्याच घामाचा पैसा तो. पण तो केव्हा मागावा, कसा मागावा आणि त्यावर सरकारचा कर किती, हे ठाऊक नसेल तर हक्काचा पैसाही गळतो. भरल्या घागरीला बारीक चीर असावी, तसेच हे.

आम्ही पस्तीस वर्षे मुलांना त्रैराशिक शिकवले. पण हा हिशेब आम्हालाही एका शिकाऊ बाईने समजावून दिला. ती हकीकत आधी ऐका.

तात्यांची घाई

आमच्या गावचे तात्या साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. वय 54. गुडघे गेले म्हणून त्यांनी काम सोडले. त्याला वर्ष उलटून गेले होते. धाकट्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले. एका संध्याकाळी तात्या वर्गावर आले. हातात एक अर्ज होता.

"गुरुजी, एवढा अर्ज भरून द्या. फंडाचं सगळं काढून घेतो. पेन्शनचंही जे काय असेल ते एकदम द्या म्हणावं. पोरीचं लगीन काढायचंय."

त्यांच्या पत्नी मागेच बसल्या होत्या. त्या आमच्या वर्गात सहा महिने येत होत्या. जोडाक्षरे अडत, पण आकडे चांगले वाचत. घरातल्या ट्रंकेतली जुनी पावती त्यांनी बरोबर आणली होती. ती आणि कारखान्याचे पासबुक त्यांनी दिव्याखाली शेजारी शेजारी धरले.

"गुरुजी, ह्यो नंबर आन ह्यो नंबर एक न्हाई."

आम्ही चष्मा लावून पाहिले. खरेच! दोन्हीकडे बारा आकडी नंबर होते, पण निरनिराळे. कारखान्याच्या आधी तात्या एका सूतगिरणीत होते. तिथला फंड त्या जुन्या नंबरावर तसाच पडून होता. तात्या म्हणाले, "तो व्हय? तो गेला आसंल आता." आम्ही म्हणालो, "तात्या, फंडाचा पैसा असा जात नाही. आपण विसरलो म्हणून तो कुठे पळत नाही."

त्या दिवशी आम्ही अर्ज भरला नाही. पाटी घेतली आणि हिशेब मांडला. तोच हिशेब आता आपण मिळून करू.

फंड म्हणजे काय?

भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 सालचा आहे. कामगाराच्या मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या दर शंभर रुपयांमागे साधारणपणे 12 रुपये त्याचे कापले जातात. मालकही तितकेच घालतो. पण मालकाच्या 12 रुपयांपैकी 8 रुपये 33 पैसे पेन्शनच्या खात्यात जातात. उरलेले फंडात पडतात.

म्हणजे डबे दोन झाले. एक फंडाचा, दुसरा पेन्शनचा. फंडाच्या डब्यात व्याज पडते. 2024-25 या वर्षी ते शेकडा सव्वाआठ रुपये होते. पेन्शनच्या डब्याची योजना नोव्हेंबर 1995 पासून सुरू झाली. तिथे व्याज मोजत नाहीत. नोकरीची वर्षे आणि पगार मोजतात.

हे दोन डबे मनात वेगळे ठेवा. तात्यांची चूक इथेच होत होती. ते दोन्ही डबे एकदम उपडे करायला निघाले होते.

पहिली गोष्ट: पाच वर्षांची रेघ

आता कराचे पाहू. सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल, तर फंडाचा पैसा काढताना त्यावर आयकर नाही. पाच वर्षे भरण्याआधीच काढला, तर कर लागू शकतो. रक्कम 50,000 रुपये किंवा जास्त असेल, तर देतानाच शेकडा 10 रुपये कापून घेतात. पॅन कार्डाचा नंबर दिला नसेल, तर शेकडा 20 कापतात.

तात्यांची गिरणीतली नोकरी 3 वर्षे 5 महिन्यांची. पाच वर्षांच्या रेघेच्या आत. समजा तिथे 90,000 रुपये जमले आहेत. ते एकटे काढले, तर 9,000 रुपये कापले जातील. पॅन नसेल तर 18,000. लग्नातले जेवण त्यात निघाले असते!

पण कायद्यात एक सोय आहे. जुन्या नोकरीचा फंड नव्या नोकरीच्या खात्यात वळवून घेतला, तर दोन्ही नोकऱ्यांची वर्षे मिळून मोजतात. कारखान्यातली नोकरी 6 वर्षे 9 महिने. दोन्ही मिळून 10 वर्षे 2 महिने. पाच वर्षांची रेघ केव्हाच ओलांडली. कर शून्य!

आणखी दोन बाबी ध्यानात ठेवा. आजारपणामुळे कामगाराला नोकरी गमवावी लागली, किंवा मालकाचा धंदाच बंद पडला, तर पाच वर्षे भरली नसली तरी हा कर लागत नाही. मात्र त्याचे कागद हवेत. आणि कर कापला गेला म्हणजे तो कायमचा गेला असेही नाही. वर्षाचे एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेत नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. पण परत मागण्यापेक्षा कापूच न देणे बरे, नाही का?

दुसरी गोष्ट: दहा वर्षांची रेघ

आता पेन्शनचा डबा उघडू. महिन्याची पेन्शन मिळण्यासाठी दहा वर्षांची नोकरी लागते. शेवटच्या तुकड्यात सहा महिने किंवा जास्त भरले, तर ते पूर्ण वर्ष धरतात.

कारखान्याची नोकरी एकटी धरली, तर तात्यांची वर्षे होतात सात. दहा भरत नाहीत. मग पेन्शन नाही. तक्त्याप्रमाणे एकरकमी पैसा मिळतो आणि विषय संपतो. गिरणीची वर्षे जोडली, तर होतात दहा. मग जन्मभर पेन्शन. मागे पत्नी राहिली, तर तिला निम्मी. दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला 25 वर्षांचे होईतो त्यातला आणखी हिस्सा.

वहिनींनी ते दोन नंबर पाहिले नसते, तर काय झाले असते? विचार करा.

पेन्शन किती, हे काढण्याची रीत सोपी आहे. शेवटच्या 60 महिन्यांच्या पगाराची सरासरी घ्या. तिला नोकरीच्या वर्षांनी गुणा. 70 ने भागा. तात्यांची सरासरी 14,000 रुपये.

14,000 गुणिले 10, भागिले 70. उत्तर 2,000 रुपये महिना.

तात्यांची सगळी नोकरी 1 सप्टेंबर 2014 नंतरची आहे, म्हणून रीत इतकी सरळ लागू झाली. त्याआधीच्या नोकरीला पगाराची मर्यादा 6,500 रुपये धरतात. तुमची नोकरी जुनी असेल, तर हिशेब दोन तुकड्यांत करून घ्या.

तिसरी गोष्ट: केव्हा मागावी?

पेन्शनचे ठरलेले वय 58. नोकरी सुटली असेल, तर 50 नंतरही मागता येते. पण 58 ला जितकी वर्षे कमी, तितक्या वेळा शेकडा 4 रुपये घटतात. आणि ही घट जन्मभराची असते. 58 झाले म्हणून ती भरून निघत नाही. उलट 60 पर्यंत थांबले, तर दर वर्षी शेकडा 4 वाढतात.

तात्यांचा हिशेब असा:

54 व्या वर्षी मागितली, तर 1,680 रुपये.
58 व्या वर्षी मागितली, तर 2,000 रुपये.
60 व्या वर्षी मागितली, तर सुमारे 2,163 रुपये.

आम्ही लगेच म्हणालो, "तात्या, थांबा! चार वर्षं कळ काढा. महिन्याला 320 रुपये जास्त मिळतील."

वहिनी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, पर ती चार वर्सं काय बी मिळणार न्हाई न्हवं? त्येचा हिशेब कुठं मांडला तुमी?"

आम्ही खजील झालो. पाटी पुसली आणि पुन्हा मांडले. 54 पासून घेतली, तर 58 पर्यंत 48 महिने मिळतात. 48 गुणिले 1,680 म्हणजे 80,640 रुपये. थांबले, तर हे गेले. ते दरमहा 320 रुपयांनी भरून यायला 252 महिने लागतात. म्हणजे 21 वर्षे. तात्या 79 वर्षांचे होतील, तेव्हा दोन्ही पारडी बरोबरीला येतील! आणि 58 ऐवजी 60 पर्यंत थांबले, तर बरोबरी व्हायला चौऱ्याऐंशीच्या पुढे जावे लागते.

मंडळी, आम्ही हेडमास्तर. पण मोठा आकडा दिसला की तोच चांगला, असे आम्हीही धरून चाललो होतो. थांबणे चांगले की न थांबणे चांगले, याचे एकच उत्तर नाही. घरात दुसरी कमाई आहे, प्रकृती धड आहे, घराण्यात माणसे नव्वदीपर्यंत जगतात, त्याने थांबावे. ज्याची कमाई बंद झाली, औषधाला पैसा नाही, सावकाराच्या दारी जाण्याची पाळी आली, त्याने आधी घेतली तर तो वेडा नव्हे. मात्र हिशेब मांडून घ्यावी, घाईने नव्हे. कारण एकदा कमी पेन्शन घेतली की ती तशीच राहते.

पेन्शनवर कर आहे का?

आहे आणि नाही. पेन्शन हे उत्पन्नच आहे. पगारासारखे ते मोजतात. पण 1 एप्रिल 2025 पासून नव्या करपद्धतीत वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. तात्यांची पेन्शन वर्षाची 20,160 रुपये. तेव्हा कराची भीती नको. कुणी दलाल म्हणाला, "टॅक्स वाचवून देतो, दोन हजार काढा," तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

कारखाना सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी वेगळी. साधारणपणे पाच वर्षे नोकरी झाली की ती मिळते. वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. तात्यांना सात वर्षांचे सुमारे 56,538 रुपये मिळाले होते. खाजगी नोकरीत 20 लाखांपर्यंतच्या अशा ग्रॅच्युइटीवर कर नाही.

आणि फंड? तोही फार काळ विसरून ठेवू नये. नोकरी सुटल्यानंतर जमणाऱ्या व्याजावर कर लागू शकतो. निवृत्तीनंतर तीन वर्षे मागितला नाही, तर व्याजही थांबते.

शेवटी काय झाले?

गिरणीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती. जन्मतारखेतही फरक होता. आधार कार्डाप्रमाणे ते दुरुस्त करायला तीन खेपा झाल्या. मग जुने खाते नव्यात वळवले. फंडातून लग्नाचा खर्च निघाला. कर एक पैसा कापला नाही. दोघांनी विचार करून पेन्शन आत्ताच, 1,680 रुपयांची घेतली. वहिनी म्हणाल्या, "गुडघं आज दुखत्यात. एकोणऐंशीचं कुणी बघितलंय?"

अर्जावर वारस म्हणून वहिनींचे नाव लागले. पूर्वी त्या अंगठा उठवत. या खेपेला त्यांनी सही केली. अक्षर जरा वाकडे होते. पण कागदावर काय लिहिले आहे, ते त्यांनी आधी वाचले होते.

ध्यानात ठेवा

1. नोकरी बदलली की जुना फंड नव्या खात्यात वळवा.
2. पाच वर्षे भरण्याआधी फंड काढू नका. काढावाच लागला, तर पॅन द्या.
3. पेन्शनला दहा वर्षे लागतात. दहा भरत नसतील आणि पुढे नोकरी करायची असेल, तर पैसे न काढता योजनेचे प्रमाणपत्र मागून घ्या. ती वर्षे पुढे मोजली जातात.
4. आधार, पॅन, पासबुक आणि फंड, चारही ठिकाणी नाव व जन्मतारीख एकच असावी.
5. पेन्शन सुरू झाली की वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्या.

घरी करा

एका कामगाराच्या पगाराची सरासरी 10,500 रुपये आहे. नोकरी 1 सप्टेंबर 2014 नंतरची, दहा वर्षांची. 58 व्या वर्षी त्याला किती पेन्शन मिळेल? 57 व्या वर्षी मागितली तर किती? उत्तर पाटीवर लिहून वर्गात आणा. आणि घरातली ट्रंक एकदा उघडून पाहा. एखादी जुनी पावती सापडेल.