लाल चिंचोके आणि टीक्यूएमचा पेपर



"तिसरीच्या बाईंना एमबीए कशाला हवं?" हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला एवढ्या वेळा विचारला गेलाय की आता मी नुसती हसते. डी.एड. झालं, नोकरी लागली, बहिःस्थ पदवी झाली आणि मग दूरशिक्षणातून एमबीएला नाव घातलं. खरं सांगायचं तर पुढे मुख्याध्यापक व्हायचं मनात होतं. बाकीचे विषय आले तसे गेले. एक विषय मात्र डोक्यातून जाईना, तो म्हणजे संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापन. सगळे त्याला टीक्यूएम म्हणतात. आज त्याबद्दलच लिहितेय, कारण त्यात आपल्या वर्गातली एक रोजची चूक मला सापडली. चूक माझीच होती.

आधी विषय थोडक्यात. गुणवत्ता म्हटलं की आपल्याला तपासणी आठवते. माल तयार झाला की बघायचं, चांगला ठेवायचा, खराब बाजूला काढायचा. टीक्यूएम म्हणतं की तोपर्यंत उशीर झालेला असतो. घरातलं उदाहरण घ्या. भाकरी थापताना चिरतेय. सासूबाई सुनेला बोलतात, "हाताला वळणच नाही." सून बिचारी जोर लावते, तरी भाकरी चिरतेच. कारण पीठ जुनं आहे, त्याची विरी गेलीय. आता प्रत्येक भाकरी तपासून काय होणार? आणि सुनेला बोलून तरी काय होणार? पीठ कोणी दळून आणलं, किती दिवस ठेवलं, तिथे बघावं लागतं. थापणाऱ्याचा दोष किती आणि पिठाचा किती, हे वेगळं काढता येणं हाच या विषयाचा गाभा आहे असं मला वाटतं. पुस्तकात तो गाभा शंभर व्याख्यांच्या खाली दबलेला होता, ते सोडा.

हे वेगळं काढायची युक्ती वॉल्टर शूहार्ट यांनी दिली. अमेरिकेत टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत ते काम करत. मे १९२४ मध्ये त्यांनी वरिष्ठांना एक छोटं टिपण दिलं, त्यात नियंत्रण आलेखाची पहिली आकृती होती. म्हणणं साधं होतं. कुठलंही काम कितीही नीट केलं तरी दर वेळी थोडं कमी-जास्त होतंच. हे कमी-जास्त कामाच्या पद्धतीतच मुरलेलं असतं. त्याच्या बाहेर एखादा आकडा गेला तरच काहीतरी वेगळं घडलंय असं समजून कारण शोधायचं. आत असेल तर त्या एका आकड्यामागे धावायचं नाही. सुधारणा हवी असेल तर पद्धतच बदलायची.

शूहार्ट यांचा विचार पुढे नेला डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी. १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघटनेनं त्यांना व्याख्यानांसाठी बोलावलं. युद्धानंतरचा जपान, मालाला जगात किंमत नाही. तिथल्या लोकांनी हे मनावर घेतलं आणि १९५१ पासून डेमिंग यांच्या नावानं पारितोषिक सुरू केलं. आपल्या देशात ते पहिल्यांदा १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनला मिळालं, आणि २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला. कांदिवली आणि नागपूरला ज्यांचे कारखाने आहेत तेच हे ट्रॅक्टर. जुरान, इशिकावा, क्रॉसबी ही मंडळीही अभ्यासक्रमात आहेत, पण मी डेमिंगपाशीच अडकले. त्याला कारण त्यांचा लाल मण्यांचा प्रयोग.

डेमिंग आपल्या व्याख्यानात श्रोत्यांमधून सहा 'कामगार' बोलवायचे. एका भांड्यात ४००० मणी, त्यातले ८०० लाल, बाकी पांढरे. ५० खड्डे असलेली फळी भांड्यात बुडवून वर काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. ज्याचे लाल कमी त्याला शाबासकी, ज्याचे जास्त त्याला तंबी, आणि शेवटी काहींना कामावरून कमी करायचं. श्रोते हसायचे, पण खेळातला कामगार खरोखर कानकोंडा व्हायचा म्हणे.

मी हा प्रयोग आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत केला. आपल्याकडे मणी कुठले, चिंचोके भरपूर. २०० चिंचोके घेतले, ४० लाल ऑइलपेंटनं रंगवून वाळवले आणि सगळे कापडी पिशवीत टाकले. सहा शिक्षकांना बोलावलं. न बघता २० काढायचे, लाल मोजायचे आणि परत टाकायचे. पहिल्या फेरीत लाल आले ३, ६, ४, २, ५ आणि ७.

मी साहेबांच्या आवाजात सुरू केलं. दोनवाल्या सरांना टाळ्या. सातवाल्या मॅडमना म्हटलं, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पुढच्या वेळी लक्ष द्या." सगळे हसले. दुसरी फेरी झाली तेव्हा आकडे आले ५, ३, ४, ६, २ आणि ४. आता गंमत बघा. ज्यांना बोलले त्या मॅडमचे सातावरून चार झाले. ज्यांचं कौतुक केलं त्या सरांचे दोनावरून सहा. मागून कोणीतरी बोललंच, "बघा, रागावलं की काम होतं. कौतुक केलं की डोक्यात हवा जाते."

पिशवीत दर पाच चिंचोक्यांमागे एक लाल. म्हणजे वीसमध्ये सरासरी चार यायचे. शूहार्ट यांच्या हिशेबानं काढलं तर शून्यापासून नऊपर्यंत काहीही येणं साहजिक आहे. सातात मॅडमचा काही दोष नव्हता आणि दोनात सरांचं काही कर्तृत्व नव्हतं. एकदा जास्त आले की पुढच्या वेळी बहुतेक कमीच येणार, रागवा नाहीतर पेढे वाटा. रागावणाऱ्याला मात्र वाटतं की आपल्या रागावण्यानं झालं. लाल कमी करायचे असतील तर पिशवीतून लाल काढावे लागतील, आणि पिशवी तर माझ्या हातात होती.

त्या दिवशी घरी येऊन मी श्रुतलेखनाची वही काढली. दर शनिवारी मी दहा शब्द घालते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, नाव लिहीत नाही. मागच्या सत्रात तिला सात आले तेव्हा वर्गापुढे उभं करून टाळ्या दिल्या. पुढच्या शनिवारी चार आले. मी चिडले, "कौतुक पचत नाही तुला," असं म्हटलं आणि वडिलांना निरोप धाडला. ते रोजंदारी बुडवून आले. मी त्यांना वही दाखवली, ते मान खाली घालून ऐकत राहिले. पुढच्या शनिवारी सहा आले आणि मला वाटलं, बघा, परिणाम झाला. पण त्यानंतर ती हात वर करेनाशी झाली. ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता सगळे शनिवार एका ओळीत लिहिले. ५, ६, ४, ५, ७, ४, ६, ५, ६, ४. कधीही चारच्या खाली नाही, कधीही सातच्या वर नाही. त्या सातात विशेष काही नव्हतं, त्या चारातही नव्हतं. माझ्या शिकवण्याच्या पिशवीतून तिला तेवढंच येत होतं. इतर मुलांच्या ओळी थोड्या वर-खाली होत्या, पण तऱ्हा तीच.

मग पिशवीत काय आहे ते बघायला घेतलं. इथे जुरान कामाला आले. बहुतेक त्रास थोड्याच कारणांतून येतो, ती थोडी कारणं आधी मोजा, असं त्यांचं सांगणं. वर्गातल्या २४ मुलांच्या महिनाभराच्या वह्या घेऊन चुकांच्या रेघा मारत बसले. एकूण चुका १८६. त्यातल्या ७१ जोडाक्षरांच्या, आणि त्यातही मुख्यतः रफाराच्या. 'पर्वत'चा 'पवर्त', 'सूर्य'चा 'सुय'. ६२ वेलांटी-उकाराच्या. बाकी सगळं मिळून ५३. म्हणजे दोनच जागांमध्ये सत्तर टक्क्यांच्या वर चुका. आणि मी र ची चारही रूपं एका दिवसात, एका फळ्यावर उरकली होती, हे माझ्याच टाचणात लिहिलेलं होतं.

डेमिंग यांचं चक्र आहे ना, ठरवा, करा, पडताळा, सुधारा, ते मग खरंच करून पाहिलं. तीन आठवडे फक्त रफार. शब्द टाळीवर तोडून म्हणायचा, र आधी ऐकू येतो की नंतर ते मुलांनीच सांगायचं, मग तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा. पुढच्या महिन्यात जोडाक्षरांच्या चुका ७१ वरून ३८ वर आल्या. वेलांटी-उकारात मात्र फारसा फरक नाही. आमच्या भागात बोलताना ऱ्हस्व-दीर्घ वेगळं ऐकूच येत नाही, माझ्या तोंडीसुद्धा नाही. तिथे टाळी वाजवून उपयोग नव्हता, वेगळं काहीतरी शोधावं लागेल.

या विषयातलं सगळंच मला पटतं असं नाही. विद्यार्थ्याला 'ग्राहक' म्हणणं मला जड जातं, आणि मूल म्हणजे ट्रॅक्टर नव्हे. आपल्याकडे आयएसओ शाळांची लाट आली तेव्हा रंगलेल्या भिंती आणि नीट लावलेल्या फायली आपण सगळ्यांनीच पाहिल्या. त्यातून वाचन किती सुधारलं ते ज्याचं त्यानं आठवावं. डेमिंग यांच्या चौदा सूत्रांत तर कामगारांसाठी लावलेली घोषवाक्यं काढून टाका असं स्पष्ट आहे. भीती घालवा असंही आहे. माणसांना गुणवत्तेची क्रमवारी लावू नका असंही आहे. आणि परीक्षेत मला प्रश्न काय आला? 'डेमिंग यांची चौदा सूत्रे लिहा.' मला बाराच आठवली, तेवढे गुण गेले. डेमिंग यांच्या अंदाजानं ९४ टक्के अडचणी व्यवस्थेच्या असतात, तेव्हा मी फार वाईट वाटून घेतलं नाही.

एक काम राहिलं होतं. त्या मुलीच्या वडिलांना पुन्हा शाळेत बोलावलं नाही, त्यांची रोजंदारी दुसऱ्यांदा कशाला बुडवायची? रविवारी संध्याकाळी मीच त्यांच्या घरी गेले. चहा झाला. वही उघडून सगळे शनिवार दाखवले, चिंचोक्यांचंही सांगितलं. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि त्या चारपाशी थांबवलं.

"म्हणजे बाई, त्या दिवशी पोरीचं काही चुकलं नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हटलं.

"मी तिला मारलं होतं त्या रात्री."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. मी तिला जवळ बोलावलं आणि तिच्यासमोरच वडिलांना सांगितलं की चूक माझी झाली.