उतरंड आणि तिचा माग

तमिळनाडूतील कुंभकोणमपासून सुमारे १० किलोमीटर अंतरावर नाचियारकोविल हे गाव आहे. तेथील श्रीनिवास पेरुमाळ मंदिरात पाषाणाचा गरुड असून वर्षातून दोनदा त्याची मिरवणूक निघते. परंपरा अशी सांगते की, त्याला आतून उचलताना चार वाहक पुरतात. पुढे आठ, सोळा, बत्तीस अशी त्यांची संख्या दुपटीने वाढत जाते आणि परतताना ती त्याच क्रमाने उलटी घटते. जाताना जे टप्पे एकावर एक चढले, तेच येताना शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत उतरत जावेत, ही रचना संगणकाच्या कामकाजातही आढळते. आपल्या जुन्या स्वयंपाकघरांतील उतरंड हे तिचे आणखी जवळचे रूप होय. सर्वांत वरचे मडके उतरवल्याखेरीज खालच्यात हात घालता येत नाही.

आज्ञावली ही अनेक लहान उपकार्यांची बनलेली असते. त्यांना फंक्शन म्हणतात. एक फंक्शन दुसऱ्याला काम सांगते व त्याचे उत्तर येईपर्यंत थांबते. दुसरे तिसऱ्याला सांगते आणि तेही थांबते. थांबलेल्या प्रत्येकाविषयी तीन गोष्टी जपून ठेवाव्या लागतात : त्याचे नाव, ते कोणत्या ओळीवर थांबले ते स्थान आणि त्याच्या हातातील आकडे. या नोंदीला चौकट म्हणावे आणि एकावर एक रचलेल्या चौकटींना उतरंड. ॲलन ट्युरिंग यांनी १९४५ च्या सुमारास आपल्या नियोजित गणकयंत्राच्या अहवालात परतीचे स्थान ‘पुरून ठेवणे’ व पुन्हा ‘उकरून काढणे’ असे शब्द योजले होते. फ्रीड्रिख बावर व क्लाउस झामेलझोन या जर्मन गणितज्ञांनी १९५७ मध्ये अशाच रचनेच्या पेटंटासाठी अर्ज केला. तिला त्यांनी तळघराचे नाव दिले होते.

आज्ञावली वाचून ती तेथल्या तेथे पार पाडणाऱ्या यंत्रणेस इंटरप्रिटर म्हणतात. वाटेत चूक घडली तर तिचा निवारक कोठे आहे, याचा शोध तो घेतो. चालू चौकटीत तो नसेल तर ती चौकट टाकून देऊन तो तिच्याखालच्या चौकटीत पाहतो. अडचण नेमकी येथेच आहे. चौकटी टाकून दिल्या की पुरावाही नाहीसा होतो. म्हणून उतरंड मोडण्यापूर्वी, किंवा मोडत असतानाच, तिची नोंद होणे आवश्यक ठरते.

ही नोंद दोन रीतींनी होते. जावा भाषेत चुकीची वस्तू निर्माण होताच सबंध उतरंड एकदम टिपली जाते. पायथॉन भाषेत इंटरप्रिटर एकेक चौकट सोडताना तिची कडी मागाच्या साखळीत जोडत जातो. त्यामुळे चूक वाटेत कोणी झेलली तर झेलणाऱ्यापासून चुकीच्या जागेपर्यंतचाच भाग साखळीत येतो. दोन्ही रीतींना किंमत मोजावी लागते. पहिलीत उतरंड खोल असेल तर टिपण्यास वेळ लागतो; दुसरीत माग जिवंत आहे तोवर चौकटींतील आकडेही स्मरणात अडकून राहतात.

छापण्याचा क्रमही भाषेगणिक बदलतो. जावा चुकीची जागा सर्वांत वर छापते, तर पायथॉन सर्वांत खाली. एखादे फंक्शन स्वतःलाच अखंड बोलावत राहिले तर माग शेकडो ओळींचा होतो. पायथॉनमध्ये अशा खोलीची मर्यादा सामान्यतः १००० असते आणि २०१६ च्या ३.६ या आवृत्तीपासून सारख्या ओळी गाळून त्या किती वेळा आल्या एवढेच छापले जाते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. नाचियारकोविल पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. बैठक, दांडा, तेलाचे तबक व शिखर हे समईचे भाग वेगवेगळे ओतून, लेथवर साफ करून, आट्यांनी जोडतात. अशा समयांच्या मागणीचा हिशेब करणारी आज्ञावली मध्येच थांबली आणि तिने पुढील माग छापला :

मुख्य, ओळ ४० : एकूण_किंमत बोलावले
एकूण_किंमत, ओळ २६ : समई_किंमत बोलावले
समई_किंमत, ओळ १४ : किलोचा_दर बोलावले
किलोचा_दर, ओळ ६ : शून्याने भागता येत नाही

नवशिका सहाव्या ओळीकडे धावतो व तेथे ‘वजन शून्य असल्यास दर शून्य धरावा’ अशी दुरुस्ती करतो. आज्ञावली मुकाट्याने चालू लागते. परंतु त्या समईचा दर शून्य धरला गेल्याने कारागिराचे देयक कमी भरते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

खरे कारण निराळेच होते. यादीत दांड्याच्या वजनाची जागा कोरी राहिली होती आणि यादी वाचणाऱ्या फंक्शनने कोऱ्या जागेचा अर्थ शून्य असा केला होता. ते फंक्शन मागात कोठेही दिसत नाही, कारण आपले काम संपवून ते केव्हाच परतले होते. उतरंडीत केवळ थांबलेल्यांची नोंद असते. येऊन गेलेल्यांची नसते. चूक कोठे उघडकीस आली आणि तिथवर कोण कोणाला बोलावत गेले, एवढेच माग सांगतो. चुकीचा आकडा प्रथम कोठून आला, हे वाचणाऱ्यानेच शोधावयाचे असते.

तो शोध मागाच्या आधारेच सुरू होतो. सहाव्या ओळीत वजन शून्य आहे. चौदाव्या ओळीने ते पुढे दिले. सव्वीसाव्या ओळीला ते यादीतून मिळाले. तेव्हा यादी कोणी वाचली, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. योग्य दुरुस्ती तेथे आहे : वाचणाऱ्या फंक्शनने कोरी जागा पाहताच तक्रार केली पाहिजे, म्हणजे चूक आपल्या जन्मस्थानीच उघडी पडेल.

यावरून चांगल्या इंटरप्रिटरची व चांगल्या प्रोग्रामरची कर्तव्ये स्पष्ट होतात. इंटरप्रिटरने पुरावा नष्ट होण्याआधी नोंद करावी व ती वाचता येईल अशा रीतीने छापावी. प्रोग्रामरने चूक गिळून टाकू नये आणि शेवटची ओळ म्हणजेच अपराधी असे मानू नये. थांबलेली आज्ञावली त्रासदायक असते हे खरे. परंतु चुकीचे उत्तर देऊन चालत राहणारी आज्ञावली तिच्याहून अधिक घातक होय.