नाडी सर्वांची, ईसीजी कोणाचा?
(ऊस विकास विभागाकडून)



बेणे, लागण आणि खोडवा सोडून या वेळी आम्ही हृदयावर लिहितो आहोत, त्याला कारण घडले आहे. आमचे थोरले बंधू नोकरीनिमित्त नालासोपाऱ्यास गेले आणि निवृत्तीनंतर तेथेच राहिले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या चाळीत मोफत तपासणी शिबिर झाले. ईसीजीत 'एट्रियल फिब्रिलेशन' हा दोष निघाला आणि डॉक्टरांनी गुठळी न होण्याची गोळी दिली. चार महिने ती घेतली. मग काही त्रास नाही, रोजचा खर्च कशाला, म्हणून बंद केली. शिबिरवाले पुन्हा फिरकले नाहीत. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी हातातला चहाचा कप गळाला आणि उजवी बाजू लुळी पडली.

त्यांना भेटून परत आलो, तो गट ऑफिसात सभासदांची मागणी आलेली: कारखान्याने सर्व सभासदांचे ईसीजी काढावेत. मागणी चांगल्या मनाची आहे. पण खताची गोणी घेताना आपण हिशेब करतो, तसा येथेही करू.

दोष काय आहे?

यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तुंबलेल्या चारीत गाळ बसतो, तसे कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते. ती मेंदूत गेली की लकवा. या दोषाने लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो, असे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या 1991 च्या अभ्यासात दिसले. योग्य औषधाने हा धोका साधारण दोन-तृतीयांश कमी होतो. पुष्कळांना काहीच जाणवत नाही, म्हणून तर तो शोधावा लागतो.

शोधून किती सापडतात?

इंग्लंडमध्ये 50 दवाखान्यांतील 65 वर्षांवरील सुमारे 14,800 लोकांवर प्रयोग झाला. त्याचा निकाल 2007 साली आला. काही दवाखान्यांत नेहमीप्रमाणेच काम चालू ठेवले, तेथेही वर्षात हजारी सुमारे 10 नवे रुग्ण सापडले. मुद्दाम शोध घेतला तेथे 16. म्हणजे खरी भर 6 जणांची. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. सर्वांना बोलावून ईसीजी काढला काय, किंवा इतर कामासाठी दवाखान्यात आलेल्याची नाडी पाहून ती अनियमित असेल तरच ईसीजी काढला काय, सापडणारे जवळजवळ तेवढेच होते.

आता रुपयांचा हिशेब

खालील दर आम्ही केवळ समजुतीसाठी धरले आहेत. 65 वरील 5,000 सभासद, ईसीजीस 100 रुपये, गोळीस रोज 20 रुपये. हजारी 6 प्रमाणे जादा सापडणारे 30. औषध नसेल तर त्यांत वर्षाला शेकडा 4 जणांना लकवा होईल असे धरू. म्हणजे पाच वर्षांत 6. सर्वांनी गोळी घेतली तर त्यांतले 4 टळतील.

सर्वांचे ईसीजी: 5 लाख. पाच वर्षांच्या गोळ्या: 10 लाख 95 हजार. टळलेल्या एका लकव्यामागे सुमारे 4 लाख.

आधी नाडी पाहून पाचांत एकाचाच ईसीजी काढला, तर ईसीजीचा खर्च 1 लाख आणि एका लकव्यामागे सुमारे 3 लाख.

पण सर्वांचे ईसीजी काढले आणि निम्म्यांनी आमच्या बंधूंसारखी गोळी सोडली, तर टळतील दोनच. एकामागे खर्च सव्वापाच लाखांवर. माती परीक्षणाचा कागद कपाटात ठेवून एकरी उतारा वाढत नाही, तसेच हे.

तरुण सभासदांचे काय? या वयात दोष विरळा, आणि इतर आजार नसेल तर गोळीही बहुधा देत नाहीत. शिवाय गोळीने रक्तस्रावाचा धोका असतोच. मात्र आपल्या देशातील नोंदीत अशा रुग्णांचे सरासरी वय 55 च्या आसपास आहे आणि जवळजवळ निम्म्यांना सांधेतापामुळे झडपांचा आजार आहे. म्हणून लहानपणी सांधेताप आलेल्यांनी किंवा धाप लागणाऱ्यांनी 65 ची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

आमची सूचना

1) आरोग्य शिबिरात 65 वरील प्रत्येकाची नाडी पूर्ण एक मिनिट पाहावी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस तीन बोटे ठेवावीत. ठोके डिझेल इंजिनासारखे एका लयीत पडले पाहिजेत.
2) नाडी अनियमित म्हणजे दोष आहेच असे नाही. अशांचाच ईसीजी काढून तो डॉक्टरांना दाखवावा.
3) वाचलेल्या रकमेतून गट ऑफिसात वही ठेवावी. गोळी चालू आहे का, हे दर महिन्यास विचारावे. वॉरफेरिन घेणाऱ्यांची रक्ततपासणी वेळेवर झाली का, हेही पाहावे.
4) डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नये आणि बंदही करू नये.

बंधू आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. गोळी पुन्हा चालू आहे. वहिनी डबीत मोजून ठेवतात. शिबिराने त्यांचा दोष अचूक शोधला होता. कमी पडली ती नंतरची विचारपूस, आणि त्यात आम्हीही आलो. आपल्या कारखान्यात ती पडू नये, एवढ्यासाठी हा लेख.