कागदावरचे ऋण

सज्जनहो, देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे घेऊन माणूस जन्मास येतो, असे शास्त्र सांगते. पण संसारात दाराशी आधी उभे राहते ते चौथे, कागदावरचे ऋण. आज त्याचा विचार करू.

तुकोबारायांच्या घरी देहूस महाजनकी होती, सावकारीही होती. शके १५५१-५२ (सन १६२९-३०) च्या दुष्काळात पत्नी गेली, मुलगा गेला, दिवाळे निघाले. पुढे बंधू कान्होबांशी वाटणी करून आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. येथे दोन गोष्टी ध्यानी धराव्या. खते बुडविली ती धनकोने, ऋणकोने नव्हे. आणि बुडविली ती आपलीच. भावाच्या अर्ध्याला हात लावला नाही. उदारपणा करावा तो पदरचा!

याच पुणे जिल्ह्यात सुपे येथे १२ मे १८७५ रोजी रयतेने सावकारांची खते हिसकून जाळली. कापसाचे भाव पडलेले, सारा वाढलेला. माणसे टेकीस आली होती. दामदुपटीचा नियम, म्हणजे मुदलाहून अधिक व्याज एका वेळी घेऊ नये, हा धर्मशास्त्रानेच घालून दिलेला. तो पाळला असता तर? १८७९ साली कायदा झाला खरा. पण तोवर गावात वैर पेरले गेले होते. कागद इंद्रायणीतही गेला आणि आगीतही गेला. एकीकडे देणाऱ्याने आपण होऊन सोडला, दुसरीकडे घेणाऱ्याने ओढून काढला. फरक एवढाच.

आता आमचीच गोष्ट. आमच्या दिंडीतील एका टाळकऱ्यास लेकीच्या लग्नासाठी आम्ही हातउसने पैसे दिले. मागितले कधीच नाहीत. पण "राहू दे" असंही तोंडानं म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षी तो दुसऱ्या दिंडीत चालू लागला. वाखरीस भेटला, तर मान खाली! ज्याच्या पाया पडावे, त्याची नजर आम्ही पैशाने खाली केली होती. आमचे मौन हेच व्याज झाले. शेवटी आम्हीच त्याच्या घरी गेलो आणि म्हटलं, "बुवा, ते पैसे पांडुरंगाला पोचले." बिचारा ढसाढसा रडला. पुढच्या आषाढीस टाळ पुन्हा आमच्या विण्यापाशी वाजला.

म्हणून वारीस निघण्यापूर्वी एवढे करावे. देणे असेल तर धनकोच्या दारी जाऊन मुदत सांगावी, तोंड चुकवू नये. घेणे असेल आणि समोरचा खरोखर नडलेला असेल, तर सोडता येईल तेवढे स्पष्ट बोलून सोडावे. मग चंद्रभागेत उतरताना अंग हलके लागते.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!