हाडांचे माप आणि बाळाचा हात

देहू-चाकण पट्ट्यातील कित्येक पालकांच्या हाती रोज व्हर्नियर असतो. सुट्या भागाचे माप ड्रॉइंगशी जुळले की काम संपते. जन्मतः वेगळी घडण असलेल्या बाळाच्या हातावरील शस्त्रक्रियेतही माप निर्णायक ठरते. मात्र येथे मोजावयाचे हाड वाढत असते. हा भेद समजून घेणे, हा आमच्या या पाठाचा हेतू आहे.

मनुष्याच्या हातात 27 हाडे असतात: मनगटात 8, तळहातात 5 आणि बोटांत 14. नवजात बाळाच्या क्ष-किरण चित्रात मनगट रिकामे दिसते, कारण तेथे अद्याप कूर्चाच असते. म्हणून चित्रात हाड न दिसणे म्हणजे ते नसणे नव्हे. शल्यविशारद दोन्ही हातांची हाडे ताडून पाहतात आणि प्रत्येक हाड कोणत्या टोकाकडून वाढते, हेही लक्षात घेतात.

अंगठाच नसलेल्या हाताचे उदाहरण घेऊ. तेथे तर्जनी आखूड करून व फिरवून तिचाच अंगठा घडवितात. जर्मनीचे डॉ. डीटर बुक-ग्रामको यांनी या शस्त्रक्रियेची आपली पद्धती 1971 मध्ये प्रसिद्ध केली. आपला अंगठा तर्जनीला चिकटवून पाहावा. त्याचे टोक तर्जनीच्या मधल्या सांध्याच्या आसपास येते. नव्या अंगठ्यालाही तेवढीच लांबी हवी. त्यासाठी तर्जनीच्या तळहातातील हाडाचा बराचसा भाग काढतात आणि उरलेल्या टोकापासून अंगठ्याच्या मुळाचा सांधा साधतात. त्या टोकाजवळचा वाढीचा थर निकामी करावा लागतो. तो राहिल्यास आज नेमका बसलेला अंगठा पुढे प्रमाणाबाहेर लांबतो.

मापाचे उत्तर प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया हेच असते, असे नाही. आखूड बोटांनीही मूल वस्तू नीट पकडत असेल, तर हात आहे तसा ठेवणे योग्य ठरू शकते.

पालकांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. हाताची मूळ घडण गर्भधारणेच्या आठव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होते. तेव्हा सहाव्या महिन्यातील ग्रहणात मातेने विळी धरली म्हणून बोट गेले, हा आरोप निराधार आणि अन्यायकारक आहे. दुसरे, जादा बोटाला घरी दोरा बांधू नये. त्याच्या आत हाड वा सांधा असू शकतो. बाळाला पहिल्या वर्षातच हाताच्या शल्यविशारदांना दाखवावे आणि प्रत्येक क्ष-किरण चित्र तारखेसह जपून ठेवावे. पुढील माप त्याच्याशीच ताडले जाणार असते.