घराण्याचा कारखाना : किर्लोस्करवाडीचा धडा

आपल्या सुरत शहराचा लौकिक व्यापाराचा. सतराव्या शतकात येथील जैन व्यापारी वीरजी व्होरा यांच्याकडून इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनीही कर्ज घेत असे. आजही येथील कापडाचा व हिऱ्यांचा पुष्कळसा धंदा घराण्याच्या पेढ्यांतून चालतो. परंतु व्यापार आणि यंत्रनिर्मिती यांत एक मोठा भेद आहे. व्यापारातील पैसा हंगामासरशी फिरून परत येतो. यंत्राच्या कारखान्यात घातलेला पैसा मात्र वर्षानुवर्षे अडकून पडतो. तेव्हा व्यापारी घराण्यातील तरुणाने कारखानदारीकडे वळण्यापूर्वी, त्या वाटेने पूर्वी गेलेल्यांचा इतिहास डोळ्यांखालून घालणे हिताचे होय. अशा घराण्यांत किर्लोस्करांचे नाव अग्रभागी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईस गेले. पण काही रंग ओळखता येत नाहीत असे आढळल्याने तो मार्ग खुंटला. मग ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ मध्ये बंधू रामूअण्णांसह त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, आणि रामूअण्णा त्या विकून गिऱ्हाइकांना चालविण्यासही शिकवीत. पुढे हक्काची बढती डावलली गेल्याने लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावास परतले. म्हणजे आरंभी हेही घर दुसऱ्याचा माल विकणारेच होते, ही गोष्ट आपण ध्यानी धरावी.

त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले व नंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत होता; त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. ज्या मालाला दोन वर्षे गिऱ्हाईक नाही, तो कोणता व्यापारी दुकानात ठेवील? पण कारखानदाराला तो ठेवावा लागतो, आणि त्याचबरोबर गिऱ्हाइकाचे मनही घडवावे लागते.

त्यातच बेळगावच्या नगरपालिकेला विस्तारासाठी ती जागा हवी झाली आणि कारखाना हलविणे भाग पडले. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. निवडुंग व साप यांच्या त्या रानात लक्ष्मणरावांनी कामगारांसाठी घरे उभारली, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांस रखवालीचे काम दिले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रविद्या शिकून परतले. १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनविणारी म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली, आणि १९४६ मध्ये पुण्यास तेलइंजिनांची व बंगलोरास विजेच्या यंत्रांची कंपनी स्थापन झाली.

१९४८ मध्ये महात्माजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. तरी तो पुन्हा उभा राहिला. सुरतेलाही हा अनुभव अपरिचित नाही. १६६४ च्या लुटीत वीरजी व्होरांची पेढीही सुटली नव्हती. माल लुटला जातो, इमारत जळते. परंतु कारागिराच्या हातातील कसब व बाजारातील पत जळत नाही. किर्लोस्करवाडी पुन्हा उभी राहिली ती या दोहोंच्या बळावर.

तथापि इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. हरिहरचा लेथचा कारखाना काळाच्या ओघात बंद पडला. पुढील पिढ्यांत उद्योगाच्या शाखा वेगवेगळ्या हातांत गेल्या. २००९ मध्ये कुटुंबीयांनी लेखी करारनामा केला. पण त्याच्या अर्थावरून मतभेद होऊन प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचविला. यात कोणाचे खरे, हे ठरविण्याचा आपल्याला अधिकार नाही. बोध मात्र आपल्या प्रत्येक घराला लागू आहे.

घराण्याच्या कारखान्यास तीन प्रकारचे भांडवल लागते : विद्या, धीराचा पैसा आणि घरातील एकोपा. विद्या शिक्षणाने मिळविता येते; पैसा पतीवर उभा करता येतो. एकोपा मात्र वडिलांच्या मृत्युपत्राने वारसांस मिळत नाही. तो प्रत्येक पिढीने नव्याने कमवावा लागतो. कोणी काय सांभाळायचे, नफा किती वाटायचा व यंत्रात किती घालायचा, मतभेद झाल्यास कोणाचा शब्द मानायचा, या गोष्टी घरात गोडी असतानाच बसून ठरवाव्यात. करार लिहावाच, पण त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ सर्वांस सारखाच कळला आहे ना, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.

आपल्यापैकी जे आज दुसऱ्याची यंत्रे विकतात वा चालवितात, त्यांच्या मुलांनी उद्या स्वतःची यंत्रे घडवावीत. त्यासाठी लागणारे धैर्य सुरतेत आहे; त्यास घरच्या समजुतीची जोड मिळो.