भिंत धुताना परसबाग जपू या

ताईंनो, दसरा झाला, भात कापणीला आलंय आणि आता घरोघरी दिवाळीची साफसफाई सुरू होईल. आपल्या कोकणात चार महिने पाऊस खाल्लेली भिंत कशी दिसते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. उत्तरेकडची बाजू हिरवीगार, जोत्याचा जांभा काळा आणि पायऱ्या इतक्या निसरड्या की म्हाताऱ्या माणसाने हात धरल्याशिवाय उतरू नये. मग बाजारातून ब्लीचिंग पावडर येते, कुणी फरशी धुवायचं ॲसिड आणतं, धुण्याचा सोडा तर घरात असतोच. भिंत लख्ख होते. पण भिंतीवरून खाली आलेलं पाणी पुढे कुठे गेलं, हे कुणी बघत नाही.

गेल्या वर्षी मीही ते बघितलं नव्हतं. एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मॅडम, शेवाळ जात नाही, काय लावू?" मी म्हटलं, "ब्लीचिंग पावडर लावा, जाईल." एवढंच सांगितलं आणि पुढच्या विषयाकडे वळले. ताईंनी एक किलोची अख्खी पुडी एका बादलीत कालवली आणि भर दुपारी मागची भिंत वरून ओतून धुतली. पागोळीच्या चरातून ते सगळं पाणी घरामागच्या गादीवाफ्यांत उतरलं. वाफ्यांत गटाने विक्रीसाठी केलेली मिरची-वांग्याची रोपं होती, भात निघालं की लावायची. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा पांढऱ्या पडल्या आणि तिसऱ्या दिवशी रोपं आडवी झाली. कडेचा कढीपत्ता पार झडला. ताई मला काही बोलल्या नाहीत, उलट चहा दिला. ते जास्त लागलं. म्हणून त्या दिवशी अर्धवट सोडलेलं आज पूर्ण सांगते.

आधी झाडाला नेमकं काय होतं ते बघू. ब्लीचिंग पावडरमधला क्लोरीन जसा कपड्याचा रंग खातो तसाच पानाचा हिरवा रंगही खातो. कोवळं पान आधी जातं. क्लोरीन मातीत फार दिवस टिकत नाही, मागे राहतो तो चुना आणि खार. खारामुळे मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून माती ओली असूनही झाड सुकल्यासारखं दिसतं आणि पानं कडेने करपतात. कुणी म्हणेल, आपली जांभ्याची माती आंबट, तिच्यात चुना आपण घालतोच की! घालतो, पण तो पेरणीच्या आधी रानभर पसरून. कोवळ्या मुळावर चुन्याचं दाट पाणी ओतणं वेगळं.

धुण्याचा सोडा आणि साबणाची पावडर साधी वाटते, पण तीही पानाला सोसत नाही. अळवावरचं पाणी आपण रोज बघतो. ते का घरंगळतं? पानावर मेणासारखा पातळ थर असतो म्हणून. साबणाच्या पाण्याने तो थर उतरतो. मग पान उन्हाने लवकर सुकतं आणि रोगही लवकर धरतो. सोड्याचा खार तर मातीत साचतच जातो, कुंडीत जास्त, कारण तिथली माती मूठभर असते.

ॲसिडबद्दल माझं मत स्पष्ट आहे, भिंतीला लावूच नका. शेवाळासाठी त्याची गरज नाही. चुना-सिमेंटचा गिलावा ते खातं, जांभ्याच्या चिऱ्यांमधले सांधे पोकळ करतं आणि खाली झाड असलं तर मुळं जाळतं. आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, एकावर एकही ओतू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. न्हाणीघरासारख्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो.

आता भिंत कशी धुवायची ते. पहिलं काम कोरडं. दोन दिवस ऊन खाऊन शेवाळ वाळलं की खराट्याने किंवा काथ्याच्या घासणीने खरवडून काढा. बरंचसं तिथेच निघतं, आणि जेवढं निघेल तेवढी पावडर कमी लागेल. खरवडलेलं शेवाळ खुशाल खताच्या खड्ड्यात टाका, फक्त पावडर लावायच्या आधी ते गोळा करून घ्या.

धुवायच्या दिवशी सकाळी लवकर सुरुवात करा, वारा पडलेला असताना. दुपारच्या उन्हात भिंतीवरचं आणि पानावरचं पाणी पटकन सुकतं आणि औषध तिथेच घट्ट होऊन बसतं. पावडर कालवायच्या आधी भिंतीजवळच्या झाडांना भरपूर पाणी घाला, मुळाशीही आणि पानांवरही. आधीच पाणी प्यायलेली माती वरून आलेलं औषध कमी शोषते, आणि जे शोषते ते पातळ होतं. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं हेच. मेथी, माठ, मुळ्याचा पाला भिंतीलगत असेल तर भाजी आदल्या दिवशीच काढून घ्या.

कुंड्या उचलून लांब ठेवा. तुळशीवृंदावन हलवता येत नाही, तिथे जुनं लुगडं किंवा चादर ओली करून तुळशीवर टाका. प्लॅस्टिक टाकायचंच असेल तर धुण्यापुरतं, अर्ध्या तासात काढा. प्लॅस्टिकखाली ऊन कोंडतं आणि ब्लीचिंगपासून वाचवलेली तुळस उकडून जाते. असं झालेलं मी पाहिलंय.

मग पाण्याची वाट. भिंत आणि वाफा यांच्यामध्ये कुदळीने वीतभर चर काढा, निघालेल्या मातीचा वाफ्याच्या बाजूला वरंबा घाला आणि चराचं तोंड पायवाटेकडे किंवा जिथे काही लावलेलं नाही अशा जागेकडे वळवा. विहिरीकडे, वहाळाकडे किंवा गुरांच्या डोणीकडे मात्र नको, वहाळातले मासे ब्लीचिंगच्या पाण्याने मरतात. कोंबड्या तेवढा वेळ खुराड्यातच राहू देत.

पावडरचं प्रमाण हाच माझा राहून गेलेला मुद्दा. 10 लिटरच्या बादलीला ताजी पावडर 150 ग्रॅम पुरते. वजनकाटा नसेल तर अर्ध्या किलोच्या पुडीचे तीन भाग करा, त्यातला एक भाग घ्या. बादली प्लॅस्टिकची असावी, हातात रबरी मोजे, नाका-तोंडावर फडकं. काठीने ढवळून अर्धा तास ठेवा. चुन्याची निवळी करतो तसा गाळ खाली बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं वापरा. तळाचा गाळ झाडाच्या बुंध्यात टाकू नका, पाणी घालून पातळ करा आणि रिकाम्या वाटेवर पसरा. पुडी बरेच दिवस उघडी राहिली असेल तर तिचा जोर गेलेला असतो. तेव्हा आपण दुप्पट घालतो, शेवाळ तरीही जात नाही आणि चुना मात्र दुप्पट खाली येतो. जुनी पावडर वाढवून घालण्यापेक्षा छोटी ताजी पुडी आणलेली बरी.

निवळी भिंतीवर ओतू नका, फडक्याने किंवा कुंचल्याने लावा. ओतलं की निम्मं पाणी कामाला न येता सरळ खाली जातं. एका वेळी हाताला येईल एवढाच भाग घ्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, घासा आणि साध्या पाण्याने धुवा. तेवढ्यात दुसरीने खालच्या झाडांवर एकदा पाणी मारायचं. हे दोघींचं काम आहे. एकटीने करायला गेलं की झाडांकडे बघायचं राहूनच जातं.

काही घरांत फवारणीचा पाठीवरचा पंप यासाठी वापरतात. कृपा करून नको. फवाऱ्याचे बारीक थेंब वाऱ्याने कुठेही जातात. त्यात याच पंपाने आधी तणनाशक मारलेलं असलं तर टाकीत राहिलेला थोडासा अंशही मिरची-टोमॅटोची पानं वाकडी करायला पुरतो. दोष मात्र ब्लीचिंगवर जातो. सुपारीच्या फवारणीतून उरलेला मोरचूद शेवाळ येऊ नये म्हणून भिंतीला लावायचीही पद्धत आहे. मोरचूदातलं तांबं मातीतून जात नाही, वर्षानुवर्षं साचतं. भिंतीखाली भाजी असेल तर तो मोह टाळा.

एवढं करूनही झाडावर पडलंच तर? वाट बघू नका. लगेच पानं धुवा आणि बुंध्यात हळूहळू, थांबून थांबून पाणी सोडा, म्हणजे खार मुळांच्या खाली जाईल. कुंडी असेल तर तळाच्या भोकातून स्वच्छ पाणी वाहेपर्यंत घाला. ॲसिड सांडलं असेल तरी पाणीच, दुसरं काही टाकून उतारा करायला जाऊ नका. करपलेली पानं लगेच खुडू नका, फांदीही छाटू नका. फांदीला नखाने हळूच ओरखडा काढून बघा, आत हिरवं असेल तर जीव आहे. नवी फूट येईपर्यंत युरिया नाही. त्यानंतर ओंजळभर गांडूळखत द्या.

त्या ताईंचा कढीपत्ता असाच वाचला. महिनाभर नुसत्या काड्या होत्या, मग बुंध्यापासून फुटला. रोपं मात्र गेली ती गेलीच. गटाने पुन्हा बी टाकलं, पण लावणीला उशीर झाला आणि त्या हंगामाची विक्री निम्म्यावर आली. यंदा त्यांनी गादीवाफे भिंतीपासून लांब, विहिरीच्या वरच्या अंगाला केलेत. पुढच्या मासिक बैठकीला येताना मी 150 ग्रॅमचं माप घेऊन येईन. ज्यांच्या घरी पुडी आहे त्यांनी ती सोबत आणा, निवळी कशी करायची ते तिथेच करून बघू.